लोकसंगीत ऐकायला नेमकं कुठे आणि कधी जावं? (जत्रा, तमाशा, जागरण, शिगमो)

पिंपळपार (प्रश्न)

मंडळी, दिवाळीनंतर ते अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या हंगामात चार-पाच ठिकाणी लोकसंगीत ऐकायला जायचा बेत आहे. निघणार पुण्याहून. सभागृहातले 'लोककला महोत्सव' नकोत. तिथं प्रत्येक कलेला वीस मिनिटं, मधे सत्कार, आणि गोंधळ्याला 'आटपतं घ्या' म्हणून विंगेतून खुणा. जिथं ते गाणं गावाच्या कामाचं असतं, तिथं जायचंय.

विचारायचंय ते असं: कुठली जत्रा गाण्यासाठी चांगली आणि कुठली नुसतीच गर्दीची? किती वाजता पोचावं? सोबत सत्तरीच्या पुढचे आईवडील असतील, त्यांना काय झेपेल? ध्वनिमुद्रण करायचं तर काय पथ्य पाळावं? आणि हेही सांगा, की लोक एवढी झोपमोड करून वर्षानुवर्षं त्याच जत्रेला का जातात. 'आपली परंपरा' हे उत्तर सोडून.

---

माडाबुडी

सिंधुदुर्गातल्या दशावतारापासून, म्हणजे जत्रेत देवळात रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यापासून, सुरुवात करा. तिकीट नाही, लिहिलेली संहिता नाही, आणि तीच कंपनी तेच आख्यान दोन गावांत दोन तऱ्हांनी रंगवते. लोक का जातात याचं निम्मं उत्तर यातच आलं. कथा सगळ्यांना पाठ असते. आज नट ती कुठून कशी नेतो, हे बघायला माणसं बसतात.

हंगाम कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास उघडतो आणि पाऊस जवळ येईपर्यंत चालतो. जत्रा तिथीवर असतात, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख धरून आरक्षण करू नका. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी मारते. कार्तिक पौर्णिमा 2025 मध्ये 5 नोव्हेंबरला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती 24 नोव्हेंबरला येते. आंगणेवाडीची गोष्ट आणखी वेगळी. भराडीदेवीची जत्रा तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. तो जाहीर होईपर्यंत थांबावंच लागतं, आणि जाहीर झाला की रेल्वेची तिकिटं बघता बघता संपतात.

रात्रीचा क्रम समजून घ्या, कारण बाहेरून येणारे इथंच फसतात. संध्याकाळी ओट्या भरणं आणि दर्शन. रात्री उशिरा पालखी देवळाभोवती प्रदक्षिणेला निघते. ती आत गेल्यावर दशावतार उभा राहतो, म्हणजे बारा तरी वाजतात, कुठं एकही. नऊला पोचून साडेदहाला कंटाळून परतणारे खूप. जेवून दोन तास झोप काढा आणि अकराला देवळात या.

आधी होतो तो आडदशावतार. लाकडी मुखवट्याचा गणपती, सोबत ऋद्धि-सिद्धी, मग सरस्वती, भटजी, आणि मग काळ्या वेशातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासूर. संकासूर मालवणीत बोलतो, समोर बसलेल्यांना नावानं हाक मारून त्यांची उडवतो, गावच्या रस्त्यापासून सरपंचापर्यंत कोणाला सोडत नाही. विष्णू आला की त्याचा खेळ संपतो. मग उत्तररंग, म्हणजे पुराणातलं आख्यान, ते पहाटेपर्यंत. शेवटी दहीकाला, हंडी फुटते. म्हणून इथली माणसं जत्रेच्या नाटकाला 'कालो' म्हणतात. एक सांगून ठेवतो: आडदशावतार पुरता बघायचा तर जत्राच गाठावी लागते. हौशी किंवा तिकिटाच्या प्रयोगात तो पाच-दहा मिनिटांत उरकतात नाहीतर गाळतातच.

वाद्यं तीनच: पायपेटी, पखवाज, झांज. मंचावर सामान म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. पेटीवर नाईक बसतो. गाणं तो उचलतो, आणि नट शब्दात अडकला की सूर देऊन त्याला वेळ काढून देतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं वादक ज्या बाजूला बसतात त्या बाजूला, तीन-चार हातांवर जागा धरावी. तिथून पखवाज्याचे हात दिसतात. डाव्या पुडीला ओल्या कणकेचा गोळा थापलेला असतो, घुमारा त्यानंच येतो. कणीक रात्रभरात सुकते, आवाज फुटका यायला लागतो, की पखवाज्या दोन संवादांच्या मधे बोट पाण्यात बुडवून ती पुन्हा मळून बसवतो. उजव्या पुडीचं उलट. पहाटे दहिवर पडलं की ती ढिली पडून सूर उतरतो. मग हातोडीनं बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून चढवायची. तीन-चारच्या सुमारास अशी ठाकठूक ऐकू आली तर बिघाड समजू नका.

ठिकाणं: कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या तालुक्यांत हंगामात एक रात्र रिकामी जात नाही. वालावल हे तर दशावताराचं माहेर. कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनला उतरा, पण रात्रीची रिक्षा येतानाच परतीसकट ठरवा; पहाटे पाचला रस्त्यावर काही मिळत नाही. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा मोठी नावाजलेली, कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी असते. पण गर्दी लोटांगणाची असते. दशावतार पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये. लहान गावची जत्रा बघा, जिथं दुकानं वीस आणि बसायला जागा भरपूर.

आईवडिलांसाठी: चटई नव्हे, घडीची खुर्ची आणा आणि ती कडेला लावा, नाहीतर मागचे ओरडतात. कानटोपी विसरू नका, समुद्रकाठ म्हणून थंडी नसते असं नाही. आडदशावतार बघून दीडला निघालात तरी चालेल. आरतीचं ताट फिरतं त्यात टाकायला सुटे पैसे ठेवा.

---

चाटी_धुम

माडाबुडी यांच्या प्रतिसादानंतर कोकणावर लिहायला काही उरलं नाही. घाटावरचा तमाशा मी घेतो.

चैत्र-वैशाखातल्या गावयात्रा हा ढोलकी-फडाच्या, म्हणजे गावोगावी फिरणाऱ्या मंडळींच्या, तमाशाचा खरा हंगाम. पाडव्याच्या आसपास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं येतात, फलकावर रिकाम्या तारखा बघतात आणि सुपारी, म्हणजे खेळाचा विसार, देतात. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. नुसतं बघायला गेलात तरी दोन तास छान जातात: कुठल्या फडात कोण सोंगाड्या, वग (तमाशातलं कथानाट्य) कुठला, ढोलकीवाला कोण, यावर कमिटीवाले अशी घासाघीस करतात की बैलबाजार परवडला. चैत्र वद्य अष्टमीसारख्या तिथीला एकाच रात्री बऱ्याच गावांची यात्रा असते, त्यामुळे त्या रात्रीची सुपारी सगळ्यात चढी. तुम्हाला कुठला फड कुठल्या गावाला जाणार हे इथंच कळेल. वही घेऊन जा, तारखा उतरवून घ्या. पुण्याहून नाशिक रस्त्यानं सकाळी निघून संध्याकाळी परत.

सुपारीचा तमाशा आणि तिकिटाचा तमाशा यात फरक आहे. सुपारीचा गावानं आणलेला, सगळ्यांना मोकळा, चावडीपुढं किंवा देवळासमोर. तिकिटाचा कनातीत. घरच्यांना घेऊन जायचं तर सुपारीच्याच तमाशाला जा.

क्रम असा: ढोलकी-हलगीची सलामी, गण, गवळण, बतावणी, मग रंगबाजी, मग वग. सलामी अजिबात चुकवू नका. त्या पंधरा मिनिटांत ढोलकीवाला आणि हलगीवाला एकमेकांना जोखतात, आणि फडाची खरी ताकद तिथंच कळते. हलगीच्या हाताकडं बघा: एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. जाड टिपरू ठेका धरतं, काडी मधल्या जागा भरते. पूर्वी हलगीचं पान, म्हणजे कातडं, शेकायला बाजूला जाळ असायचा. थंड हवेत कातडं ओलं होऊन 'टण्' चं 'थप्' व्हायचं. आता बऱ्याच हलग्यांना फायबरचं पान आहे. ते शेकावं लागत नाही, आवाज दूर जातो, पण तो पत्र्यासारखा कोरडा. ढोलकीलाही दोन प्रवेशांच्या मधे दोरीतल्या कड्या ओढून शाईची बाजू चढवतात.

आता अडचण. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण प्रत्येक गावची यात्रा त्याच दिवसांत येत नाही. म्हणजे पाच-सहा तासांचा खेळ दोन-तीन तासांत कोंबायचा. कात्री कशाला लागते? वगाला. सिनेमातल्या गाण्यांची रंगबाजी लांबते, कारण शिट्ट्या आणि बक्षिसं तिथं मिळतात, आणि वग अर्ध्या तासात गुंडाळला जातो. वगच बघायचा असेल तर कमिटीतल्या माणसाला आधी विचारा: 'वग होणार का, आणि कितीला सुरू?'

यावर उतारा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. रात्रीचाच फड सकाळी देवापुढं पुन्हा उभा राहतो. उन्हात, कमी रंगरंगोटीत, गावातली म्हातारी माणसं आणि बायका पोरंबाळं घेऊन बसलेली. गण-गवळण हजेरीत निवांत गातात, घड्याळ बघत नाहीत. दुपारी कुस्त्यांचा आखाडा. तुमच्या आईवडिलांसाठी हजेरीइतकं सोयीचं दुसरं काही नाही: झोपमोड नाही, माणसं ओळखीची वाटतात, आणि गवळणीतली मावशी दहा फुटांवर. टोपी आणि पाणी मात्र न्या.

---

बैठकीची_लावणी

चाटी_धुम, एक भर घालते. बाहेरचे लोक फडाचा तमाशा आणि संगीतबारी यांची गल्लत करतात, म्हणून.

फडात पुरुष, सोंगाड्या, वग, तंबू, गावोगावी फिरणं. संगीतबारी म्हणजे थिएटरात मुक्काम. चौफुला, मोडनिंब, सणसवाडी, जामखेड इथली कलाकेंद्रं त्यातलीच. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात. प्रत्येक पार्टीत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. मंचावर पार्ट्या पाळीपाळीनं येतात. बारी म्हणजे पाळी, नाव त्यावरूनच. वग नसतो.

अदाकारीची बसून म्हटलेली लावणी ऐकायची तर संगीतबारीच. पण मंचावरच्या बारीत हल्ली बहुतेक सिनेमाची गाणी असतात. जुनी चीज हवी तर बैठक सांगावी लागते, वेगळ्या खोलीत, वेगळे पैसे देऊन, आणि फर्माईश नेमकी करता यायला हवी. 'काहीतरी पारंपरिक म्हणा' असं सांगितलं की तुम्हाला तीन-चार ठरलेल्या लावण्या मिळतील. 'चौकाची म्हणा', 'बालेघाटी म्हणा' असा लावणीचा प्रकार सांगून मागितलंत, की पेटीवाला मान वर करून बघतो, आणि बैठकीचा नूरच पालटतो. पैसे किती, वेळ किती, हे आधी मॅनेजरशी बोलून घ्या. गाणं चालू असताना पैशांचं बोलणं काढणं वाईट दिसतं.

लोक परत परत का येतात असं विचारलंत. एकच ओळ बाई पाच वेळा म्हणते आणि पाचही वेळा हात, भुवई, मान वेगळं काही सांगतात. हे चौथ्या रांगेपलीकडे दिसत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावर तर मुळीच नाही. म्हणून यावं लागतं.

---

पिंपळपार

वाचनखूण साठवली. हजेरीबद्दल काहीच माहीत नव्हतं. दोन शंका: जेजुरीला वाघ्या-मुरळीचं जागरण ऐकायचं तर सोमवतीला जावं का? आणि गोव्याचं कोणी सांगेल का? शिगमोच्या (तिथल्या होळीच्या सणाच्या) मिरवणुकीचे व्हिडिओ बघून तो सगळा कर्ण्यांचा मामला वाटतो.

---

कोटमा

सोमवतीला नको. सोमवती अमावास्येला देव पालखीतून कऱ्हेवर आंघोळीला जातात. तो सोहळा बघण्यासारखा आहे, पण त्यात गाणं शोधाल तर 'येळकोट'च्या गजराखाली दबलेलं मिळेल. चंपाषष्ठीच्या सहा दिवसांतले मधले दिवस बरे, नाहीतर साधा रविवार.

जागरण हा घरचा कुळाचार आहे. लग्नानंतर, नवस फेडताना कुटुंब ते घालतं. त्यामुळे तुम्ही पाहुणे, प्रेक्षक नव्हे. गडावर किंवा पायथ्याला एखादं कुटुंब वाघ्या-मुरळीकडून पदं म्हणून घेत असेल तर जरा मागं उभं राहून ऐकावं, कर्त्या माणसाची परवानगी घेऊन बसावं. स्वतंत्रपणे ऐकायचं असेल तर दक्षिणा ठरवून दोन-तीन पदं म्हणायला सांगता येतात. वाद्यं म्हणजे वाघ्याकडं दिमडी आणि तुणतुणं, मुरळीकडं घोळ, म्हणजे हातातली घंटा. दिमडी दिसायला ताटलीएवढी, पण बोटांच्या टोकांनी वाजते आणि चार-पाच प्रकारचे आवाज काढते. पूर्वी तिला घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं (1972) घोरपड संरक्षित आहे, म्हणून आता बकऱ्याचं. विकत घेताना कोणी 'अस्सल घोरपडीची' म्हणाला तर हात लावू नका, गुन्हा आहे.

आवाहनाकडं कान ठेवा. जागरण असो की संबळावरचा गोंधळ, सुरुवातीला देवांना गावांच्या नावानिशी एकेक करून बोलावतात. बाहेरच्याला ही यादी लांबण वाटते. घरच्यांना तसं वाटत नाही. आपल्या कुळाचं दैवत, आपल्या गावचा म्हसोबा राहिला तर नाही ना, हे म्हातारी बोटं मोजत ऐकते. राहिला असेल तर तिथंच थांबवून घ्यायला लावते.

भंडाऱ्याचं पथ्य: मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून वर रबर लावा. हळदीची पूड चार्जिंगच्या भोकात आणि माइकच्या जाळीत बसते आणि काही केल्या निघत नाही. ब्रशनं झटका, फुंकर मारू नका, थुंकीनं तिचा लगदा होतो. पांढरे कपडे घालून जाल तर पिवळे घेऊन याल. पायऱ्या पुष्कळ आहेत. आईवडिलांना सकाळी सातच्या आत चढवा, दहानंतर दगड तापतो.

---

मांडावयलो

गोंयच्या वतीनं मी. शिगमोच्या मिरवणुकीबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. चित्ररथांवर कर्णे असतातच. पण रोमटामेळ चित्ररथात नसतो, तो पायी चालतो: ढोल, ताशे, कांसाळीं (झांजा), पुढं निशाणं, आणि 'ओस्सय'चा घोष. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा अशा शहरांत वेगवेगळ्या दिवशी मिरवणुका असतात. पर्यटन खातं त्या वर्षीचं वेळापत्रक काढतं. संध्याकाळी चारची वेळ लिहिलेली असली तर सहा धरा. आणि उभं कुठं राहायचं, तर परीक्षकांच्या मंचासमोर. ही स्पर्धा असते, वेळ बांधून दिलेली असते, म्हणून पथक आपला जीव तिथं ओततं. दोनशे मीटर पुढं गेलात तर तीच माणसं घाम पुसत, पाणी पीत चाललेली दिसतील.

खरा शिगमो ऐकायचा तर गावच्या मांडावर. मांड म्हणजे गावातली ठरलेली पवित्र जागा. आधी नमन, मग बाकी सगळं. दोन शिगमे लक्षात ठेवा: धाकटो पुनवेच्या आधीच्या दिवसांत, व्हडलो पुनवेपासून पुढं. तालुक्यागणिक बदलतं, म्हणून 'गोव्यात शिगमो कधी' या प्रश्नाला एक उत्तर नाही. डिचोली-सत्तरी तालुक्यांच्या बाजूला घोडेमोडणी बघा: कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा, हातात तलवार, डोक्याला फुलांचा मुकुट, आणि ढोल-ताशांवर पुढं-मागं झेपावणारी पावलं. काणकोणच्या बाजूला गोफ. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या नाचता नाचता विणत जायच्या आणि मग उलट्या पावलांनी तीच वीण उकलायची. एकाचं पाऊल चुकलं तर गाठ पडते. सगळ्या मांडाचे डोळे त्या गाठीवर असतात, लोक त्यासाठीच जमतात.

घुमट ऐकायचा तर मात्र शिगमोची वाट बघू नका, चवथीला या. गणपतीच्या दिवसांत घरोघरी आणि देवळात घुमट आरत्या असतात: घुमट, शामेळ, कांसाळें. घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मातीचं मडकं. मोठ्या तोंडाला कातडं, लहान तोंड मोकळं. उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर बोल काढायचे आणि डाव्या तळव्यानं लहान तोंड झाकत-उघडत घुमारा कमीजास्त करायचा. नवशिक्याचा डावा हात झोपतो आणि घुमट नुसता 'टक टक' बोलतो. गोवा सरकारनं 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. घोरपडीच्या कातड्याचं वर आलंच आहे, तोच नियम इथंही. बकऱ्याचं कातडं जाड राहिलं तर आवाज बसका येतो, आणि पावसाळी हवेत तर आणखी बसतो. म्हणून आरतीआधी घुमट उन्हात किंवा दिव्याजवळ धरतात. जास्त तापवलं की कातडं कडेला फाटतं, हेही बघायला मिळेल!

एक विनंती. पौषात धालो असतो, बायकांचा. चांदण्या रात्री मांडावर दोन समोरासमोर रांगा करून गातात. तो बाहेरच्यांसाठी नाही. तुमच्या घरातल्या बाईला ओळखीनं कोणी बोलावलं तर तिनं जावं, पुरुषांनी मांडावर जाऊ नये, आणि कॅमेरा कोणीच नेऊ नये.

---

उणे_बारा

ध्वनिमुद्रणाचं मी सांगतो, कारण बहुतेकांचं मुद्रण पहिल्या दहा मिनिटांत वाया जातं.

मोबाइलचा ॲप स्वतःच आवाजाची पातळी कमीजास्त करत असतो. हलगी वाजली की तो सगळं दाबतो, मग गाणारीचा पहिला शब्द गिळला जातो. ही आपोआप पातळी बंद करता येईल असाच ॲप किंवा लहान रेकॉर्डर घ्या. पातळी सलामीला लावा, गाण्याला नाही. हलगीचा सगळ्यात मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला की पुढं काही फुटत नाही. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, स्टीरिओ असं ठेवलं तर तासाला साधारण 1 जीबी लागतो. म्हणजे दशावताराच्या एका रात्रीला 7-8 जीबी. 16 जीबीचं रिकामं कार्ड आणि दोन जोड सेल न्या. थंडीत सेल लवकर उतरतात.

जागा: कर्ण्यासमोर कधीच नाही. दशावतारात वादकांपासून दहा-बारा फुटांवर, जमिनीपासून चार फूट उंचीवर. जमिनीवर ठेवलात तर पायपेटीच्या भात्याची फसफस आणि शेजाऱ्याच्या शेंगा एवढंच ऐकू येतं. तमाशात जनरेटरच्या गाडीच्या विरुद्ध टोकाला, मंचाच्या मध्यावर, चाळीस-पन्नास फूट मागं. माइकला केसाळ टोपडं हवंच, चैत्रात वारा सुटतो.

परवानगी कंपनीच्या मालकाकडून किंवा नाईकाकडून, रंगायला बसण्याआधी घ्या. चेहऱ्याला रंग लागल्यावर नटाशी बोलायला जाऊ नये. स्वतःपुरतं मुद्रण करायला सहसा हरकत नसते. पण अख्खं आख्यान यूट्यूबवर टाकू नका. पुढच्या गावची माणसं ते आधीच बघून बसतात आणि संकासुराचे नवे विनोद तिथं शिळे होतात. मुद्रणाची एक प्रत कंपनीला नेऊन द्या, पुढच्या वर्षी जागा तेच राखून ठेवतील.

---

सपाट_खुर्ची

थोडा विरोधी सूर. मंचावरच्या महोत्सवांना सरसकट नावं ठेवू नका. जोधपूरला मेहरानगड किल्ल्यावर 2007 पासून ऑक्टोबरात, शरद पौर्णिमेच्या आसपास लोकसंगीताचा महोत्सव होतो. लंगा आणि मांगणियार, म्हणजे राजस्थानातले पिढीजात गाणारे, तिथं निवांत गातात, पहाटेची मैफल जसवंत थड्यावर असते, आवाजाची व्यवस्था उत्तम, बसायची सोय आहे. लंगांची सिंधी सारंगी आणि मांगणियारांचा कमायचा एकामागोमाग ऐकायला मिळाला की फरक कळतो: कमायच्याच्या पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं, त्यामुळे सूर खर्जात घुमतो. हे त्यांच्या यजमानाच्या, म्हणजे पिढीजात आश्रयदात्याच्या, लग्नात ऐकायचं तर आमंत्रण कोण देणार? सत्तरीच्या माणसांना रात्रभर चटईवर बसवण्यापेक्षा हे काय वाईट? फक्त किल्ल्याचा चढ आणि पहाटेची थंडी धरून चला, आणि खोली दोन महिने आधी घ्या.

---

माडाबुडी

सपाट_खुर्ची, वाईट नाहीच. पण तिथं मांगणियार ज्यांच्यापुढे गातो त्यांच्या आजोबांची नावं त्याला ठाऊक नसतात. यजमानाच्या दारात त्याला तीच नावं गायची असतात. इतकाच फरक.

पिंपळपार, तुमच्यासाठी ढोबळ आखणी: मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या मधल्या दिवशी जेजुरी, सकाळी. पौषात सिंधुदुर्गातली एखादी लहान जत्रा. फाल्गुनात गोवा, एक शहरातली मिरवणूक आणि एक मांड. पाडव्याला नारायणगाव, आणि तिथल्या फलकावर बघून चैत्रातली एक हजेरी. लहान जत्रेची तारीख कुठल्याही संकेतस्थळावर नीट मिळत नाही. हंगामात मालवणी मुलखातल्या स्थानिक पेपरात रोजच्या दशावताराची गावं छापून येतात, ती बघा. नाहीतर कुडाळच्या एसटी स्टँडसमोर चहावाल्याला विचारा, 'आज जत्रा खंय?'

---

पिंपळपार

आखणी छापून घेतली. घडीच्या खुर्च्या आणि टोपडं यादीत आलं. शेवटचं एक: जत्रेतून घरी न्यायला काय घ्यावं, वडील विचारतायत.

---

माडाबुडी

खाजं. बेसनाच्या कांड्या, वर गुळाचा पाक आणि आलं. जत्रेच्या दिवशी तिथंच केलेलं घ्या, आलं घशाला लागलं पाहिजे. कांडी मोडून बघा: आतून पोकळ आणि कुरकुरीत हवी. दाताला चिकटली तर पाक कच्चा राहिलाय, पुढच्या दुकानात जा.